टेंब्यांचं स्वच्छ घर

रिपोर्टमधल्या ज्या जंतूचं नाव डॉ. शैलेंद्र श्रीवास्तवांना धड उच्चारता येत नसे, त्याला ते कंटॅमिनेशन म्हणत. पद्धत सोपी होती आणि तिच्यावर त्यांची अर्धी कारकीर्द निभावली होती. रक्ताच्या नमुन्यात अनोळखी काही उगवलं, की ते रक्तात नव्हतंच, नमुना घेताना बाहेरून पडलं, असं ठरवून मोकळं व्हायचं. रुग्ण बरा झाला तर डॉक्टर बरोबर होते. नाही झाला तर कॅन्सर होताच.

अच्युत टेंब्यांचा रिपोर्टही त्यांनी असाच टेबलाच्या कडेला सरकवला. डॉ. सुरुची केकरेने तो उचलला आणि उभ्या उभ्या वाचला. भोपाळच्या त्या खाजगी हॉस्पिटलात संसर्गाच्या आजारांची ती एकुलती एक तज्ज्ञ होती. श्रीवास्तव कॅन्सरचे डॉक्टर. ताप हाताबाहेर गेला, की नाइलाजाने ते तिला बोलावत आणि ती आली, की आपणच तिला मोठं केलं अशा चेहऱ्याने बसत.

"बर्कहोल्डेरिया सेपेशिया," सुरुची म्हणाली. "दोन वेगळ्या ठिकाणांहून रक्त घेतलंय आणि दोन्ही बाटल्यांत हाच आहे. दोन्ही वेळा बाहेरून पडला?"

"अरे मॅडम, मिट्टी-पानी का कीड़ा है. ख़ून में क्या करेगा?"

"वही, जो आप देख रहे हैं. बुख़ार."

"मैंने कोलिस्टिन शुरू कर दिया है. सबसे तगड़ी चीज़."

कोलिस्टिन खरोखरच तगडं औषध. त्याने मूत्रपिंडं खलास होतात. पण या विशिष्ट जंतूला ते अजिबात लागू पडत नाही. तो ते सरबतासारखं पचवतो. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं आहे आणि श्रीवास्तवांनी पुस्तक मिटून जमाना झाला होता. सुरुचीने त्यांच्यासमोरच औषध बंद केलं, सेफ्टाझिडिम लिहिलं आणि रुग्णाला बघायला निघाली. जाताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला हसू म्हणता आलं नसतं.

बर्कहोल्डेरिया मातीत असतो, पाण्यात असतो, नळाच्या तोंडाशी असतो. धडधाकट माणसाच्या तो खिजगणतीतही नसतो. पण अच्युत टेंबे धडधाकट नव्हते. आतड्याच्या कॅन्सरवर त्यांची केमोथेरपी चालू होती, त्यात अंगातली सगळी प्रतिकारशक्ती धुऊन गेली होती आणि दंडातल्या शिरेतून थेट हृदयाच्या वरपर्यंत एक बारीक नळी घातलेली होती. तिला सगळे पिक लाईन म्हणत. औषध तिच्यातूनच जायचं, कारण हातावरच्या शिरा केमोने जळून सुतळीसारख्या कडक झाल्या होत्या. केमोचे अर्धे डोस झाले होते. उरलेले अर्धे ताप उतरल्याशिवाय देता येत नव्हते आणि ते दिले नाहीत, तर दिलेल्यांचाही फारसा उपयोग नव्हता. हा हिशेब टेंबे स्वतः जाणून होते. सरकारी कारखान्यात टर्बाईनची डिझाइनं काढण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"लीकेज कुठे आहे ते सापडलं का?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"शोधतेय, काका."

"सापडेपर्यंत मशीन बंद ठेवायचं. खरं ना?"

त्यांच्या उशाशी मनोरमाबाई बसल्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पलंगावर घरची चादर, टेबलावर घरचा तांब्या, घरचं फुलपात्र, घरचा साबण. मुलींच्या शाळेत त्यांनी गृहविज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते अख्ख्या जगाला शिकवायला घेतलं होतं. सुरुचीने बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, तशा त्या सावरून बसल्या.

"केकरे म्हणजे मराठी ना तुम्ही? कुठल्या?"

"नागपूरची."

"तरीच. आल्याबरोबर आधी हात धुतलेत. इथे कुणी धुतं का? ती आया ज्या फडक्याने बेसिन पुसते, त्यानेच टेबल पुसते. मी डोळ्यांनी पाहिलंय. बोललं तर म्हणते, 'हो जाएगा आंटी.' काय हो जाएगा? जे व्हायचं ते यांना झालंच की!"

सुरुची हसली. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या मनातलं बोललं होतं, आणि तेही शुद्ध मराठीत.

"काकू, इथे साबण संपला तर आठवडाभर कुणाला पत्ता लागत नाही."

"पत्ता कसला लागतोय, वापरला तर संपेल ना!"

दोघी मोकळेपणाने हसल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईची सलाईन बदलत सिस्टर धुर्वे उभी होती. तिच्या डोक्यावरून त्यांचं बोलणं असं चाललं होतं, जसं काही ती खिडकीचा पडदा होती.

आता अशा वेळी नियम एकच असतो. नळीत हा जंतू शिरला की नळी काढायची. तो नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतो आणि औषध बंद झालं, की पुन्हा बाहेर पडतो. सुरुचीने तसं सांगितलं. मनोरमाबाईंनी नवऱ्याचा हात तिच्यापुढे धरला.

"कुठून देणार मग केमो? ह्या हातातून? बघा, शीर शोधून दाखवा. आणि ही नळी घरी मी कुणाला शिवू देत नाही. ड्रेसिंग मी करते, सलाईन सोडून नळी फ्लश मी करते. रीतसर शिकून घेतलंय. घरी यायचा तो माणूस ग्लव्ज घालून नाक खाजवायचा, त्याला पहिल्याच दिवशी रस्ता दाखवला."

सुरुचीने नळीवरचं ड्रेसिंग पाहिलं. चौकोनी, पांढरंशुभ्र, कडा एका रेषेत, कोपऱ्यात तारीख. वॉर्डात असं एकही नव्हतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "नळी वाचवून बघू."

मागच्याच महिन्यात बिट्टन मार्केटमधला एक भाजीवाला बायकोला घेऊन आला होता. तिलाही अशीच नळी आणि असाच ताप. सुरुचीने त्याला उभ्या उभ्या फैलावर घेतलं होतं. नळीला घरात जे जे लागतं ते सगळं इथे आणून ठेव, बाटली, कापूस, पाणी, फडकं, सगळं. माणूस रडवेला होऊन पिशवी भरून सामान घेऊन आला आणि तिने ते टेबलावर ओतून एकेक वस्तू तपासली. नळी तर तिने त्याला न विचारताच काढायला लावली होती. तिचं काम म्हणजे हेच प्रश्न असतात: नळीला काय लागलं, कशातून लागलं, ते कुणी उघडलं. मनोरमाबाईंना तिने यातला एकही प्रश्न विचारला नाही. विचारणं म्हणजे अपमान झाला असता.

सेफ्टाझिडिमने ताप उतरला. जंतू आला कुठून, हे मात्र शोधायचं होतं, आणि त्यासाठी सुरुचीला फार लांब जावं लागलं नाही. वॉर्डातल्या ट्रॉलीवर सलाईनची एक मोठी बाटली होती, तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचलेली. ज्याची नळी धुवायची त्याच्यासाठी या बाटलीतून सिरिंज भरायची, मग पुढचा पलंग, मग त्याच्या पुढचा. पद्धत गलिच्छ होती यात वादच नाही.

सुरुचीने ती बाटली उचलली आणि भर वॉर्डात सिस्टर धुर्वेच्या तोंडासमोर धरली.

"ये क्या है?"

"फ्लश की बाटल, मॅडम."

"बाटल नहीं, नाली है ये! सुई इसमें कबसे लगी है?"

"सुबह से. स्टोअरवाले छोटी शीशी देते नहीं, मॅडम. बड़ी ही आती है. दो बार बोला है."

"तो बड़ी को छोटी समझ के चलाओगी? एक आदमी मर रहा है इससे!"

अख्खा वॉर्ड ऐकत होता. रुग्ण, नातेवाईक, ती बेसिन पुसणारी आया. मनोरमाबाई पलंगाजवळून म्हणाल्या, "जाऊ दे सुरुची, भिंतीशी बोलून काय उपयोग! ह्यांच्या सात पिढ्यांनी कधी पाणी गाळून प्यायलं नसेल." त्या एव्हाना तिला अगं-तुगं करू लागल्या होत्या.

सिस्टर धुर्वेने बाटली सुरुचीच्या हातातून घेतली, सुई काढली, डब्यात टाकली आणि मग मनोरमाबाईंकडे वळली.

"मले मराठी समजते, काकू. पांढुर्ण्याची आहो मी. शाळा मराठीतच झाली माही."

चांगल्या माणसाला तिथेच थांबावंसं वाटलं असतं. सुरुचीला मात्र भलतंच झोंबलं. 'मले' आणि 'माही' तिच्याही आजोळी बोलत. धरमपेठेतल्या शाळेने आणि मुंबईच्या कॉलेजने ते तिच्या जिभेवरून घासून घासून काढलं होतं. ते इथे, वॉर्डात, सगळ्यांसमोर असं नात्यातल्यासारखं पुढ्यात येऊन उभं राहावं, याचाच तिला राग आला.

"समजतं ना? मग बरंच झालं," ती म्हणाली. "दोनदा सांगायला नको."

व्यवस्थापनाला तर बळीचा बकरा हवाच होता. लहान बाटल्या का येत नाहीत याचं उत्तर देण्यापेक्षा एक सिस्टर हलवणं सोपं. धुर्वेची बदली खालच्या मजल्यावर ओपीडीच्या इंजेक्शन रूममध्ये झाली. वॉर्डात शिरा शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्याची चर्चा झाली नाही.

सुरुचीने ट्रॉली, बाटली, नळ, साबण, बेसिन, सगळ्यांचे नमुने लॅबमध्ये पाठवले. लॅबचा प्रमुख डॉ. निनाद तिच्यापेक्षा वयाने लहान, जबलपूरच्या मराठी घरातला, आणि कुणाचंही मन राखण्याची सवय नसलेला. तो स्वतः वर आला.

"काहीच नाही आलं मॅडम. तो जंतू कुठेच नाही."

"मग त्या दिवशीची बाटली केव्हाच फेकून दिली असणार."

"असेल. पण त्या बाटलीतून सगळ्या पलंगांना फ्लश गेला ना? मग ताप एकट्या टेंब्यांनाच कसा?"

"त्यांची प्रतिकारशक्ती..."

"वॉर्डात सगळे केमोचेच आहेत, मॅडम. प्रतिकारशक्ती कुणाचीच नाही."

मुद्दा असा होता, की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो सुचायला हवा. बाटली सगळ्यांची आणि ताप एकाचा, तर बाटली सोडून त्या एकाकडे बघायचं. सुरुचीने निनादला सांगितलं, बघते. श्रीवास्तवांनी रिपोर्ट ज्या हाताने टेबलाच्या कडेला सरकवला होता, त्याच सराईत हाताने तिने निनादचा मुद्दा बाजूला सरकवला. फक्त तिला तसं वाटलं नाही.

टेंबे घरी गेले. रविवारी मनोरमाबाईंनी सुरुचीला चहाला बोलावलं. शिवाजी नगरमध्ये त्यांच्या मुलाचं, आशयचं, सरकारी क्वार्टर होतं. तो जलसंपदा खात्यात इंजिनियर, आणि त्या आठवड्यात होशंगाबादकडे दौऱ्यावर गेला होता. बाहेरून ते क्वार्टर आजूबाजूच्या क्वार्टरांसारखंच पिवळट. आत मात्र फरशीत तोंड दिसत होतं. चपला कुठे काढायच्या त्याची जागा, हात कुठे धुवायचे त्याची जागा, पुसायचे नॅपकिन घडी घालून बास्केटमध्ये. सुरुचीचा जीव त्या घरात शिरताच निवला.

"बस. आधी ह्यांचं आवरते, मग निवांत बोलू," मनोरमाबाई म्हणाल्या. "बघच तू, तुमच्या हॉस्पिटलात जे होत नाही ते इथे कसं होतं."

टेंबे आरामखुर्चीत बसले होते. चेहऱ्यावर जरा रंग आला होता. "तपासणी आहे आज," ते सुरुचीकडे बघून म्हणाले. "पास झालो तर वडे मिळणार."

मनोरमाबाईंनी पांढरं टेबलक्लॉथ अंथरलं. त्यावर स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये नवी सिरिंज, सलाईनची लहान, सीलबंद बाटली. आणि एक काचेची बरणी. बरणीत अँटिसेप्टिकच्या पातळ, पिवळसर पाण्यात कापसाचे बोळे बुडालेले, सगळे एकाच मापाचे. बोळे तळाला गेले होते. मनोरमाबाईंनी प्युरिफायरचं पाणी उकळून गार करून ठेवलेल्या जगमधून थोडं पाणी बरणीत ओतलं, त्यावर झाकणभर अँटिसेप्टिक आणि त्यावर नव्या बोळ्यांची मूठ.

"बरणी मी कधी कोरडी पडू देत नाही," त्या म्हणाल्या. "नळी घातली त्या दिवसापासून भरलेली आहे. संपत आली की वरून टाकायचं. वाया काही जात नाही आणि ऐनवेळी धावपळ नाही. मुलींना मी हेच शिकवायचे, तयारी आधी."

चिमट्याने त्यांनी बरणीतला एक बोळा उचलला, हलकेच पिळला, नळीचं तोंड पुसलं. दुसरा बोळा, पुन्हा पुसलं. मग सिरिंज लावून सलाईन आत सोडलं. एक थेंब सांडला नाही. हात कुठे थरथरला नाही.

"आमच्या सगळ्या सिस्टरांना तुमच्याकडे ट्रेनिंगला पाठवायला हवं," सुरुची म्हणाली.

"पाठव. पण आधी आंघोळ करून पाठव."

दोघी हसत स्वयंपाकघरात गेल्या. साबुदाण्याचे वडे झाले, चहा झाला, श्रीवास्तवांची नक्कल झाली. 'मिट्टी-पानी का कीड़ा' सुरुचीने इतकं हुबेहूब म्हणून दाखवलं, की मनोरमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेरच्या खोलीतून टेंब्यांची दादही येत होती. मग ती थांबली आणि बशीवर कप वाजू लागला.

तो वाजतच राहिला.

सुरुची बाहेर आली तेव्हा टेंबे खुर्चीत थडथडा उडत होते. दात वाजत होते, नखं निळी पडली होती, चहा लुंगीवर सांडला होता. "थंडी," एवढंच ते म्हणू शकले. नळीतून काही आत सोडल्यावर घटकाभरात अशी हुडहुडी भरली, तर तिचा अर्थ एकच असतो. जे सोडलं, त्याच्याबरोबर जंतू गेला. सिरिंज नवी होती, सलाईनची बाटली सीलबंद होती. सुरुचीची नजर ट्रेवर फिरली आणि बरणीवर येऊन थांबली.

पाण्याने पातळ केलेल्या अँटिसेप्टिकमध्ये हा जंतू मरत नाही. मजेत राहतो, वाढतो. उकळलेलं पाणी जगमध्ये राहिलं, की ते पुन्हा साधं पाणी होतं. त्यात कापूस पडला की जंतूला घर मिळतं, आणि बरणी कधी रिकामी केली नाही, धुतली नाही, वरून नुसती भरत राहिलं, की ते घर पिढ्यान् पिढ्या चालतं. हे सुरुचीला माहीत होतं. दर वर्षी ती नर्सिंगच्या मुलींना यावर एक तास व्याख्यान देत असे, पडद्यावर बरण्यांचे फोटो दाखवत असे. ते फोटो खेड्यातल्या दवाखान्यांचे असत. कळकट बरण्या, गंजकी झाकणं. ही बरणी आरशासारखी चकाकत होती. तिच्यासमोर ती भरली गेली होती, आणि तिने काय केलं होतं, तर तारीफ.

तिने ॲम्ब्युलन्स बोलावली, टेंब्यांच्या अंगावर ब्लँकेट घातलं आणि बरणी झाकणासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली.

"बरणी कशाला?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"तपासायला."

"माझी?"

हॉस्पिटलात पोचेपर्यंत टेंब्यांचा ताप चढला आणि रक्तदाब खाली आला. सुरुचीने औषधं सुरू केली, या वेळी मेरोपेनेम. पण नळी आत असेपर्यंत औषध म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं होतं. नळी काढायलाच हवी होती, लगेच, आणि त्यासाठी घरच्यांची संमती हवी होती.

"आधी तूच म्हणालीस, वाचवू," मनोरमाबाई म्हणाल्या. "आता तूच म्हणतेस, काढू. नळी काढली की केमो संपला. केमो संपला की..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "जंतू तुमच्या बाटलीतून आला. तुमची घाण निस्तरा ना! माझ्या नळीला काय झालंय?"

"काकू, असा जंतू कुठूनही येऊ शकतो. पाण्यातून, हवेतून... नक्की सांगता येत नाही."

हे वाक्य बोलता बोलता सुरुचीला स्वतःची किळस आली. सिस्टर धुर्वेला भर वॉर्डात खुनी ठरवताना हातात पुरावा नव्हता आणि जीभ अडखळली नव्हती. इथे बरणी लॅबमध्ये होती, हुडहुडी डोळ्यांदेखत भरली होती, शंकेला जागा नव्हती, आणि तिला एकदम 'नक्की सांगता येत नाही' हे शास्त्रीय वाक्य आठवलं होतं. मॉनिटरवरचा आकडा आणखी खाली गेला.

"नाही," ती म्हणाली. "सांगता येतं. तुमच्या बरणीतून आला, काकू. पहिल्यांदाही आणि आताही. ते पातळ औषध, तो कापूस, वरून भरत राहणं. प्रत्येक वेळी नळीचं तोंड तुम्ही त्याने पुसलंत आणि आत ढकललंत."

मनोरमाबाई ताठ झाल्या.

"तुमच्या हॉस्पिटलने शिकवून पाठवलंय वाटतं तुम्हाला!" तू गेलं, तुम्ही परत आलं. "स्वतःचं पाप माझ्या माथी? मी पोरींच्या बॅचेसच्या बॅचेस शिकवल्या. माझ्या घरी तुम्ही चहा प्यायलात. तेव्हा का नाही बोललात? तेव्हा तर ट्रेनिंगची भाषा होती."

सुरुचीने संमतीचा कागद त्यांच्यापुढे धरला.

"मनोरमा," पलंगावरून टेंबे म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण शब्द सुटे होते. "लीकेज सापडलंय. आता मशीन कुणाचं म्हणून भांडत बसायचं नसतं."

"अहो, तुम्हाला कळत नाही, ही सरळ सरळ..."

"मला कळतं. डॉक्टर, कागद इकडे द्या. सही माझी चालते ना? शुद्धीत आहे मी."

त्यांनी सही केली. अक्षर हललं, पण तारीख घालायला विसरले नाहीत. सुरुचीने त्याच पलंगावर नळी ओढून काढली. मनोरमाबाई तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. पदर तोंडात धरला होता. त्या रडतायत की संतापल्यात, हे पाठीवरून कळत नव्हतं.

नळी गेल्यावर ताप दुसऱ्या दिवशीच मोडला. निनादचा फोन आला. बरणीच्या पाण्यातून बर्कहोल्डेरिया नुसता उगवला नव्हता, ताटलीभर साय धरल्यासारखा पसरला होता, आणि तो ज्या औषधांना दाद देतो आणि ज्यांना देत नाही ती यादी रक्तातल्याशी तंतोतंत जुळत होती. नळीच्या टोकावरही तोच. "अपेक्षितच होतं," निनाद म्हणाला. "म्हणजे, मला होतं."

सुरुचीने हॉस्पिटलच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, की जंतू वॉर्डातला नव्हता, घरचा होता, आणि सिस्टर धुर्वेवर तिने जो ठपका ठेवला तो चुकीचा होता. बाटलीची पद्धत वाईटच आहे आणि ती स्टोअरने सुधारावी, पण या प्रकरणाशी तिचा संबंध नाही. श्रीवास्तव खुर्चीत रेलून बसले होते. त्यांना असा दिवस वर्षातून एकदाच मिळे.

"तो मॅडम," ते गोड आवाजात म्हणाले, "कीड़ा आपके अपने लोगों के यहाँ निकला!"

सगळे हसले. त्या माणसाला जंतूचं नाव अजूनही उच्चारता येत नव्हतं. पण हे वाक्य त्याने बिनचूक म्हटलं.

मनोरमाबाईंनी हार मानली नाही. शिवाजी नगरच्या क्वार्टरांच्या ओळीत त्यांनी जाहीर केलं, की हॉस्पिटलातून येताना ड्रेसिंगबरोबर आलेली घाण त्यांच्या बरणीत शिरली. लोकांनी मान डोलावली, कारण इतक्या स्वच्छ घराबद्दल दुसरं काही कल्पिणं त्यांनाही जमलं नसतं. सुरुचीचा फोन त्या उचलेनाशा झाल्या. निरोप असलाच तर आशय तिच्याशी बोले, तोही मोजकं.

रक्त निर्मळ असल्याचे रिपोर्ट लागोपाठ आले. केमो पुन्हा सुरू करायचा म्हणजे दुसऱ्या हातात नवी नळी घालायची, आणि त्यासाठी आधी शीर सापडायला हवी. वॉर्डातल्या नव्या सिस्टरने टेंब्यांचा हात सगळीकडून टोचून पाहिला आणि रडकुंडीला आली. सुरुची खाली इंजेक्शन रूममध्ये गेली. धुर्वे एका म्हाताऱ्याला टिटॅनसचं इंजेक्शन देत होती.

"सिस्टर, तुमची बदली मी रद्द करून घेतलीय. वॉर्डात परत या."

"नाही येत, मॅडम."

"माझं चुकलं. बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलंय मी."

"ऐकलं. बैठकीत मोठेच लोक असते न?" धुर्वेने कापूस म्हाताऱ्याच्या दंडावर दाबला. "मले तुम्ही वॉर्डात बोलल्या होत्या."

तिने सुई डब्यात टाकली.

"इथं बरं आहे मले. ज्याले यायचं, तो खाली येते. पेशंटले पाठवा, शीर पाहून देतो मी. लाईनीत बसवा म्हणावं, बाकीच्यासारखं."

म्हणून अच्युत टेंबे व्हीलचेअरवरून खाली आले आणि ओपीडीच्या बाकासमोर रांगेत लागले. पुढे कुत्रा चावलेला एक मुलगा, एक बाळंतीण, जहांगीराबादहून आलेली एक म्हातारी. मनोरमाबाई खुर्चीमागे उभ्या होत्या. बाकावर जागा होती, पण तो बाक कुणी पुसल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. सुरुची दाराशी उभी होती. मनोरमाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर अशी काढून घेतली, जशी त्या आयाच्या फडक्यावरून काढत.

टेंब्यांचा नंबर आला. धुर्वेने त्यांचा हात मांडीवर घेतला, पट्टा बांधला, डोळे मिटून बोटाने चाचपत राहिली. खूप वेळ. मग कोपराच्या वर, आतल्या बाजूला, तिचं बोट थांबलं.

"आहे इथं. खोल आहे, पण आहे." तिने अँटिसेप्टिकच्या बोळ्याची नवी पुडी दातांनी नव्हे, कात्रीने उघडली.

मनोरमाबाई नकळत पुढे वाकल्या आणि नवऱ्याची बाही वर सारण्यासाठी त्यांनी हात पुढे केला.

"काकू," धुर्वे मान वर न करता म्हणाली, "मांगं सरा. हात नका लावू."

मनोरमाबाईंचा हात हवेतच राहिला. तोंड उघडलं. टेंब्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या एक पाऊल मागे सरल्या.